निळ्या कव्हरची तबकडी

जपानातल्या हाचिनोहे बंदराकडे उतरणाऱ्या गल्लीतल्या त्या कॉफीघरात बोलायला बंदी होती. एक कॉफी घ्यायची आणि गुमान जॅझ ऐकायचं. वाजणाऱ्या तबकडीचं कव्हर स्टँडवर उभं राहायचं, आणि एका वेळी एकच बाजू लागायची. हे सगळे नियम हात्सुएबाईंच्या नवऱ्याचे, किइचीचे.

दोन वर्षांपूर्वी तबकडी वाजत असतानाच किइची कोसळला. त्याला दवाखान्यात हलवायच्या धांदलीत कुणीतरी ती भलत्याच कव्हरात सारली. मागे उरलं तिचं रिकामं निळं कव्हर. किइची काही परतला नाही.

हात्सुएबाई चार इयत्ता शिकलेल्या. इंग्रजी अक्षरं म्हणजे त्यांना मुंग्यांची रांग. पण चाळीस वर्षं कप विसळता विसळता ती तबकडी कानात मुरली होती. सॅक्सोफोन खाली उतरतो तिथे किइचीचा चष्मा पडून ओरखडा उठला होता; तिथे तीनदा टक् टक् टक् व्हायचं. तेवढं त्यांना एकदा ऐकायचं होतं.

"आई, लेबलं वाचून दोन दिवसांत शोधून देतो," सेंदाईहून मुलगा फोनवर म्हणायचा. "मग दुकान बंद कर आणि इकडे ये."

"बापाच्या तबकड्यांना हात तर लाव, मनगट मोडीन! माझी मी शोधीन. सापडली की येईन."

तीन हजार तबकड्या. रोज दोन-चार ऐकायच्या, ऐकलेली फळीवर उलटी ठेवायची आणि गिऱ्हाइकांच्या अभिप्रायाच्या वहीत दोन शब्द नि एक हायकू खरडायचा.

*लाल कव्हर. ट्रम्पेटवाला फुंकतोय की शेजाऱ्याशी भांडतोय? ही नव्हे. पण शेवटी शेवटी रडला मेला.*

भांडी घासली
ट्रम्पेट गप्प झाला
कान ओलेच

*पुलाचं चित्र. पियानोवाला चिकट, एकेक सूर हात आखडून देतो. हीही नव्हे. आमचे हे असेच बोलायचे.*

दोन सुरांत
किटलीचे पाणीही
वाट पाहते

त्या मंगळवारी बाहेर बर्फ पडत होता. दुकानात एकटे कुवाबारा, निवृत्त पोस्टमन, किइचीचे जुने मित्र. बाई धूळ झटकत होत्या आणि हात थबकला. ऐकून झालेल्या फळीवर एक कव्हर सुलटं उभं होतं.

त्यांनी ते काढलं आणि तबकडी लावली. सॅक्सोफोन हळूहळू खाली उतरला.

टक् टक् टक्.

बाई फडकं छातीशी धरून उभ्या राहिल्या. बाजू संपली. मागे कुवाबारा अर्धा कप तसाच ठेवून कोट चढवत होते.

"ती तुम्ही सरकवलीत?"

"वहिनी, त्या दिवशी घाईत चुकीच्या कव्हरात मीच घातली. नंतर सांगायला जीभ रेटेना. आणि ऐकत ऐकत तुम्ही तिच्याजवळ यायला लागलात, तेव्हा..."

"तेव्हा ऐकलेल्यांत नेऊन लपवलीत. आयुष्यभर लोकांची पत्रं पोचवलीत, आणि माझं तेवढं दाबून ठेवलंत!"

"सापडली की तुम्ही सेंदाईला जाणार. मग मी कुठे बसू? घरात घड्याळसुद्धा माझ्याशी बोलत नाही."

"इथे तरी कोण बोलतं? बंदी आहे!" बाई कडाडल्या. "दोन वर्षं, कुवाबारा-सान. दोन वर्षं मी त्या तीन ठोक्यांसाठी झुरले."

कुवाबारांनी कोट परत खुर्चीवर टाकला. मग अगदी हळू विचारलं, "दुसरी बाजू लावता?"

बाईंचा हात तबकडीकडे गेला. मग त्यांनी डोळे पुसले आणि तिचं निळं कव्हर स्टँडवर नीट टेकवलं.

"एका वेळी एकच बाजू. नियम आमच्या यांचा आहे, मोडायची नाही मी. उद्या अकराला या. आणि तो कप विसळून जा, तीच तुमची शिक्षा."

संध्याकाळी मुलाचा फोन आला. "आई, सापडली का गं?"

"अर्धी," बाई म्हणाल्या आणि वही पुढे ओढली.

तबकडी ही
उलटायची आहे
बर्फ पडू दे