एकजूट, कंसात

"कंस जरा ठळक काढजो, नूरभाऊ!" शिडी धरून खाली उभा असलेला प्रेमराज ओरडला.

धुळ्याच्या पक्ष-कचेरीची पाटी जुनीच होती. पक्ष फुटला की मूळ नावाला कोणी हात लावत नसे; मागचा कंस पुसून तिथं नवा कंस चढे. यंदाच्या फुटीत जळगावकर झाले ‘(मूळ)’, आणि उरलेल्यांनी ठराव करून नाव घेतलं ‘(एकजूट)’.

"देवकीच्या भावाला निदान आठवा भेटला," नूर महंमद वरून म्हणाला. "आपल्याकडे दरवेळी कंसच जिंकतो."

नूर महंमद पेंटर. पक्षात चाळीस वर्षं. भिंती, फलक, पाट्या सगळं त्याच्या हातचं, आणि खाली शिडीला प्रेमराज. साक्रीचा हा गडी भाषणात अडखळे, पण शिडी अशी धरी, की वरच्याला आपण वर आहोत याचाच विसर पडावा.

पाटी ‘(एकजू’पर्यंत आली, तेव्हा प्रेमराज खाकरला.

"भो, काल कमिटीनी तुले पक्षातून काढी टाकं."

"कशावरून?"

"तू जळगाववाल्यांची पाटी रंगवली म्हणून. बठ्ठास्नी हात वर केले, झाडून सगळ्यांनी."

"अरे, पेंटर आहे मी! उद्या देवळाचा कळस सांगितला तर तोही रंगवीन."

"मी बी तेच म्हणत होतो."

"मोठ्यानं?"



नूर महंमदला जळगावची ती दुपार आठवली. उन्हात गल्लीत चिटपाखरू नव्हतं. मग कमिटीला कळलं कसं? ब्रश हवेतच थांबला.

"प्रेमराज, जळगावला शिडी कोणी धरली होती रे?"

इतक्या वर्षांत शिडी पहिल्यांदा हलली.

"मन्हंबी नाव कापणार होते, भो," खालून बारीक आवाज आला. "म्हणून मीच आधी सांगितलं."

"शिडी सोड."

"पडशील ना!"

"सोड म्हटलं."

प्रेमराजनं सोडली. नूर महंमदनं एका हातानं पाटीची कड धरली, ‘ट’ काढला आणि कंस पुरा केला. ठळक, सांगितला होता तसा. मग डुगडुगत्या शिडीवरून एकेक पायरी चाचपत तो उतरला आणि शिडी खांद्यावर टाकून चालू लागला.

तिचं मागचं टोक धरायला सवयीनं प्रेमराजचा हात उचलला गेला. नूर महंमद वळला नाही. शिडी कोपऱ्यावरून दिसेनाशी झाली, तरी हात तसाच वर होता, ठराव मंजूर करायला करतात तसा.