वायरमनच्या घरचा कॉम्प्युटर

जानेफळात कुणाची मोटार जळो की पंखा अडको, लोक आधी प्रेमानंद वायरमनला हाक मारायचे अन् मग डोकं खाजवत बसायचे. त्याचं त्याला भारी कौतुक! ढग गडगडले की गावाला त्याचा एकच सल्ला, प्लग काढा अन् निवांत झोपा. मागच्या आठवड्यात घरामागच्या चिंचेवर वीज पडली, त्याच्या आधीच त्यानं स्वतःच्या घरीही तेच केलं होतं. टीव्ही, फ्रिज, लेकीचा कॉम्प्युटर, सगळ्यांचे प्लग ओढून काढले. कॉम्प्युटरमागची नेटची निळी वायर मात्र तशीच ठेवली. जिच्यात करंट नाही, तिला वायर म्हणायला तो तयारच नव्हता.

तेव्हापासून कॉम्प्युटर मधेच हँग व्हायला लागला. पडद्यावरचा बाण जागच्या जागी खिळायचा, कितीही बटणं दाबा, ढिम्म हलायचा नाही. लेकीची, समताची, तर परीक्षा तोंडावर आलेली. पुण्याच्या एका कंपनीची, ऑनलाइन, पन्नास प्रश्न, साठ मिनिटं. एकदाच बसता येत होतं. पास झाली तर नोकरी, नाही तर बस घरी.

"बाबा, पेपर मेहकरच्या नेट कॅफेत देऊ द्या मले," ती म्हणाली होती.

"घरी कॉम्प्युटर असताना लोकाच्या दारात काऊन जायचं? मी हाव ना!"

झालं. सकाळी अकराला पेपर सुरू झाला अन् नवव्या मिनिटाला पडदा थिजला.

"काय दाबलं वं?" प्रेमानंद धावत आला.

"काहीच नाही दाबलं बाबा!"

"दाबल्याबिगर मशीन बंद पडते काय? दिवसभर मोबाइलवर बोटं फिरवतं, तशीच इथंबी फिरवली असतील. काय काय भरून ठेवलं ह्याच्यात, देव जाणे!"

त्यानं कॉम्प्युटरचा डबा उघडला. सायकलच्या पंपानं धूळ उडवली. रॅमची पट्टी काढून खोडरबरनं घासली. सुरू केलं, दोन मिनिटं चाललं अन् पुन्हा अडकलं. मग प्लगचा बोर्ड बदलला, स्टॅबिलायझर बदलला, अन् प्रत्येक खेपेला पोरीवर तोंड सोडलं. तुह्या हातातच वस्तू टिकत नाही, तुले शिकवून उपयोग काय, असं बरंच काही. समता भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत उभी होती. पेपरची वेळ काही थांबत नव्हती.

एवढ्यात त्याची बायको रेणुका पिठाचे हात घेऊन स्वयंपाकघरातून आली. "अवो, मी परवापासून पाहून राह्यली. थे निळी वायर लावली की थांबते. काढून तर पाहा."

"तिच्यात करंटच नसते. तुले काय समजते त्याच्यातलं?"

"नसू द्या ना. काढा तं खरी!"

बायकोला खोटं पाडायचं म्हणून त्यानं वायर उपटली. कॉम्प्युटर सुरू झाला अन् चालतच राहिला. वायर पुन्हा खोचली, तर बाण जागीच मेला. प्रेमानंदनं वाकून बॅटरी मारली. नेटच्या खोबणीतल्या बारीक तारा काळ्या पडल्या होत्या. जळका वास आला अन् त्याला उमगलं. त्या दिवशीची वीज प्लगातून आलीच नव्हती. जी वाट त्यानं उघडी सोडली, तिथूनच ती घरात शिरली होती.

त्यानं वायर काढून फेकली अन् कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. समतानं आपला मोबाइल केबलनं त्याला जोडून त्यावरून नेट घेतलं. पेपर उघडला. एकवीस मिनिटं उरली होती. ती खाली मान घालून सोडवत सुटली, अन् तो मागं उभा राहून मनातल्या मनात मिनिटं मोजत होता. वेळ संपली तसा पडदा आपोआप बंद झाला.

"जमलं का वं?"

"एकोणीस प्रश्न राह्यले."

आजवर कुणापुढं न म्हटलेलं प्रेमानंद बोलला, "माही चूक झाली पोरी. वायर मीच ठेवली होती."

समतानं मोबाइलची केबल सोडवली.

"वायर कोणाचीबी राहू शकते बाबा. बिघाड मशीनमधी होता. तुमी अर्धा तास माह्यात शोधला."

ती आत गेली अन् आईच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. प्रेमानंदला ते बाहेर ऐकू येत होतं. आत जायची त्याची हिंमत झाली नाही.