मास्तरांच्या खिशातली गोळी

पाणीपुरवठ्याच्या तक्रार कक्षात दिवसभर लोकांच्या शिव्या शांतपणे ऐकून घेणारी बाई घरी आल्यावर चिडचिड करते, याचं कारण तिची वाढलेली साखर, असं तिच्या नवऱ्याचं ठाम मत होतं. तिला विचाराल तर कारण नवरा होता.

नवऱ्याला सगळे मास्तर म्हणत. ते गाडी चालवायला शिकवत. शिकवणीच्या गाडीत मास्तरांच्या पायाखालीही एक ब्रेक असतो, तसा त्यांनी तो बायकोच्या आयुष्यातही बसवून घेतला होता. तिला मधुमेह निघाला त्या दिवसापासून त्यांनीही चहातली साखर सोडली. ती चालायला निघाली की हे बूट घालून दारात तयार. तिचं रक्त काढायचं असलं की हेही बाही वर करून शेजारच्या खुर्चीत. असा नवरा मिळायला भाग्य लागतं, असं नातेवाईक म्हणत आणि ती दात आवळून हसत असे. चारचौघांत मास्तर ‘आम्हाला डायबेटीस आहे’ असं सांगत, तेव्हा मात्र तिच्या तळपायाची आग मस्तकात जाई. आम्हाला म्हणे! मुंग्या कोणाच्या पायाला येतात आणि पोटात सुई कोण टोचून घेतं, ते चारचौघांना कुठे माहीत होतं?

यंदा दोघांनी कोलेस्टेरॉलही तपासून घेतलं. मास्तरांनी दोन्ही रिपोर्ट टेबलावर शेजारीशेजारी मांडले आणि बोट फिरवत मोठ्यानं वाचले, जणू तिला अक्षरओळखच नव्हती. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल : तिचं एकशे बारा, त्यांचं एकशे सव्वीस. समोर छापलं होतं, एकशे तीसच्या आत असावं. म्हणजे दोघंही पास, त्यात ती वरच्या नंबरानं. मास्तरांनी तिची पाठ थोपटली.

पुढचा घोळ गाडीमुळे झाला. दवाखान्यासमोर गाडी लावायला जागा मिळेना, म्हणून मास्तर गल्लीबोळ फिरत बसले आणि ती दोघांचे रिपोर्ट घेऊन एकटीच आत गेली. बाहेर ही गर्दी. डॉक्टरीणबाईंनी कागद पाहिले, मास्तरांनी चालणं चालू ठेवावं म्हणाल्या आणि तिला कोलेस्टेरॉलची रोज एक गोळी लिहून दिली. तुम्हाला मधुमेह आहे म्हणून, एवढंच सांगितलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

मास्तरांच्या डोक्यात काही हे शिरेना. ज्याचा आकडा जास्त तो मोकळा आणि जिचा कमी तिला गोळी? चांगली गाडी चालवणाऱ्याला नापास करून खांब पाडणाऱ्याला लायसन्स द्यावं, तसला हा कारभार. त्यांनी गोळ्या विकत घेतल्या, पण पाकीट शर्टाच्या खिशात घातलं. चौकशी होईपर्यंत ते तिथेच राहील, असं जाहीर केलं.

चौकशी म्हणजे काय, तर दिसेल त्याला विचारत सुटणं. धाकट्या दिरानं छातीठोक सांगितलं की डॉक्टर लोकांना गोळ्या लिहायची सवयच असते. शिकवणीला येणाऱ्या एका मुलीचे वडील जनावरांचे डॉक्टर होते, मास्तरांनी त्यांनाही सोडलं नाही. ते बिचारे म्हणाले, माझा अभ्यास गाईम्हशींचा. त्यावर मास्तर म्हणाले, आकडे तर आकडेच ना.

खरं सांगायचं तर सुरुवातीला तिलाही बरंच वाटलं होतं. गोळ्यांच्या डब्यात आधीच काय कमी गर्दी होती? पण एका रविवारी ती थोरल्या बहिणीकडे गेली. ताईलाही मधुमेह, आणि मागच्या वर्षी अर्धांगाचा झटका येऊन तिचा उजवा हात गेलेला. तिच्या ब्लाउजचे हुक लावताना हिनं सहज आपल्या रिपोर्टची हकिगत सांगितली. ताई आरशात बघतच म्हणाली, “माझ्याही रिपोर्टवर कुठे धोक्याची खूण नव्हती गं. मी तो फ्रीजवर लावून ठेवला होता, सगळ्यांना दिसावा म्हणून.”

त्या संध्याकाळी तिनं घरात पाऊल टाकताच गोळ्या मागितल्या. मास्तरांनी खिशावर हात ठेवला आणि एकदा डॉक्टरीणबाईंना समक्ष विचारू, म्हणाले. ताईच्या हाताचं नाव काढताच ते पांढरेफटक पडले, तरी खिशावरचा हात काढेनात. उद्याच चला, नाहीतर मी नवीन पाकीट आणते आणि तुमच्यासमोर खाते, असं तिनं ठणकावलं.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी गाडी घरीच ठेवली. दवाखान्यात शिरताच त्यांनी दोन्ही रिपोर्ट टेबलावर मांडले आणि वकिली सुरू केली. डॉक्टरीणबाईंनी पूर्ण ऐकून घेतलं, हे त्यांचे उपकारच. मग पेनाची टोपी त्या छापलेल्या एकशे तीसवर ठेवली.

“ही मर्यादा सगळ्यांसाठी छापलेली आहे. यांच्यासाठी नाही,” त्या म्हणाल्या. “साखरेनं रक्तवाहिन्या आतून खराब होतात, मग त्यांत कमी कोलेस्टेरॉलही चिकटून बसतं. यांचं एलडीएल मला सत्तरच्या खाली हवंय. आणि या वयात मधुमेह असला की आकडा बरा दिसला तरी मी ही गोळी देतेच. हृदयासाठी, मेंदूसाठी. इतके दिवस घेतली का नाही?”

ती नवऱ्याकडे बघत राहिली. आता तरी कबूल करतील, असं तिला वाटलं. मास्तरांनी खिशातून पाकीट काढलं, टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, “मग मलाही लिहून द्या. दोघं घेऊ.”

तिला हसावं की रडावं कळेना. डॉक्टरीणबाई मात्र हसल्या नाहीत.

“तुम्हाला आत्ता गरज नाही. मधुमेह तुम्हाला नाही, मास्तर. त्यांना आहे.”

इतकी वर्षं हे वाक्य कुणीतरी त्यांच्या तोंडावर फेकावं म्हणून ती तडफडत होती. आता ते फेकलं गेलं होतं आणि मास्तर अंगावरचं पांघरूण कुणी ओढून नेल्यासारखे बसले होते. तिला मुळीच आनंद झाला नाही. याचाही तिला राग आला.

घरी येताना रस्त्यात कुणी चुकीच्या बाजूनं गाडी घातली, तरी मास्तरांनी त्याला सुनावलं नाही. जेवणं झाल्यावर तिनं पाण्याचा पेला घेतला, पाकिटातून गोळी काढली, आणि तेव्हा ते समोरच्या खुर्चीत येऊन बसले.

“सगळं तुझ्याबरोबर केलं,” ते म्हणाले. “मला वाटायचं, निम्मं तरी माझ्याकडे आलं असेल.”

तिच्या ओठांवर किती काय काय आलं. महिनाभर गोळी खिशात घेऊन फिरलात, माझा हात गेला असता तर निम्मा कुठून आणला असतात, असं विचारायचं होतं. विचारायलाच हवं होतं. पण त्यांचा चेहरा आजवर तिनं कधी एवढा म्हातारा पाहिला नव्हता.

“नाही आलं,” ती म्हणाली. “सगळं माझ्याकडेच आहे. औषधाचं मी बघेन. ते खिशात ठेवायचं नाही, त्याची चौकशी करायची नाही. तुम्ही नुसते बसा इथे.”

मास्तर बसले. हात कुठे ठेवावेत ते त्यांना समजत नव्हतं, शेवटी त्यांनी ते मांडीवर ठेवले. तिनं गोळी जिभेवर ठेवली आणि पाण्याबरोबर गिळली. समोर मास्तरांनीही मोठा आवंढा गिळला. तेवढं तिनं चालवून घेतलं.