एका दिवसाची मुदत

छापखान्याच्या मागच्या खोलीत बाबांची खुर्ची होती तिथेच होती. आता तिच्यावर काका बसले होते. सख्खे नव्हेत, बाबांबरोबर पंचवीस वर्षं काम केलेले, म्हणून काका. समोर लिनक्स प्रणालीवर चालणारं संगणकाचं मशीन. छापखान्यातल्या चाळीस जणांच्या ईमेलची ये-जा त्याच्यावरूनच व्हायची, आणि महिन्यापूर्वी बाबा गेले, तोपर्यंत ती तेच सांभाळायचे.

"जुन्या मेल सर्व्हरची डागडुजी करणाऱ्यांनी हात वर केलेत," काका म्हणाले. "शुक्रवारपर्यंत नवा बसला नाही, तर मालक हे काम बाहेर देणार. मग तुझ्या बाबांचं हे सगळं भंगारात."

"मग बसवा की."

"तुझ्यावाचून अडलंय, बाई."

ती अनुवाद करणारी. यातलं तिला ओ की ठो कळत नसे. काकांनी समजावून सांगितलं. सर्व्हर म्हणजे ईमेल पोचवणारा प्रोग्रॅम. नवा चालवून बघायचा तर जुना बंद करायचा, आणि नवा नाही चालला तर सगळ्यांची पत्रं अडकायची. त्या धास्तीने कुणी हात लावत नाही. म्हणून बाबांनी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. एक ओळ टाइप केली की जुना बाजूला बसायचा, नवा कामाला लागायचा आणि चाचणीचं एक पत्र बाहेर जायचं. उत्तर आलं की नवा कायम. मुदतीत नाही आलं, तर जुना आपोआप परत.

"ते पत्र तुला यायचं."

तिला आठवलं. 'चाचणी. जेवलीस का?' चाचणीला कसलं उत्तर द्यायचं, म्हणून तिने एकदाही दिलं नव्हतं.

"म्हणजे मी..."

"तीन चांगले सर्व्हर माघारी धाडलेस!" काका हसले. "मी म्हणायचो, अहो, माझा पत्ता घाला, मी इथेच तर बसलोय. ऐकतील तर शपथ. हे बघ."

त्यांनी प्रोग्रॅम उघडला. मुदतीच्या जागी आधी दहा मिनिटं होती, मग एक तास, मग एक दिवस. शेजारी बाबांनी लिहून ठेवलं होतं : 'ती कामात असते. घाई नको.'

ती वाचत राहिली. बाबांनी कधी विचारलं नव्हतं, उत्तर का दिलं नाहीस म्हणून. नुसती मुदत वाढवली होती.

"पत्ता बदलणं दोन मिनिटांचं काम," काका हळू आवाजात म्हणाले. "पण तुला न विचारता हात धजेना."

"बदलू नका. चालवा."

काकांनी ओळ टाइप केली. तिच्या पर्समधला फोन थरथरला. पाठवणारे : बाबा. 'चाचणी. जेवलीस का?'

हातात अख्खा दिवस होता. तिने उभ्याउभ्याच लिहिलं, 'हो, जेवले. उत्तराला उशीर झाला, बाबा.'

पडद्यावर अक्षरं उमटली : उत्तर मिळालं. नवा सर्व्हर कायम.

काका बराच वेळ चष्मा पुसत होते. तिने स्टूल ओढून त्यांच्या शेजारी घेतलं.

"काका, आणखी एखादा सर्व्हर आहे का हो, बघण्यासारखा?"