चार ओळींचा माफीनामा

विद्यापीठातली मुलं मला पाठीमागे ‘सॉरीमावशी’ म्हणत. पाठीमागे म्हणजे तरी काय, माझ्या दारासमोरच मोठ्याने म्हणत. मला त्याचा राग येत नसे. खरं सांगायचं तर थोडा अभिमानच वाटे. विद्यार्थी साहाय्य केंद्राच्या त्या एका खिडकीच्या खोलीत मी बारा वर्षं बसले आणि बारा वर्षांत माझ्याकडे आलेल्या एकाही मुलाचं नाव विद्यापीठातून कमी होऊ दिलं नाही. ग्रंथालयात आरडाओरडा, वसतिगृहात मारामारी, परीक्षेत शेजारच्याच्या पेपरात डोकावणं, प्रकरण काहीही असो, माझं औषध एकच. खणातून छापील कागद काढायचा, रिकाम्या जागी नाव भरून घ्यायचं, खाली सही. ‘माझ्याकडून घडलेल्या चुकीबद्दल मी मनापासून दिलगीर आहे. पुन्हा असे होणार नाही. कृपया मला एक संधी द्यावी. आपला आज्ञाधारक.’ बस्स, चार ओळी. वर्तन समितीतली माणसं कागद वाचत, मुलाला दोन शब्द सुनावत आणि जेवायला उठत.

मुलं कुरकुरत. “पण मावशी, मी काही केलंच नाही.” मी म्हणे, “चुकलं म्हटल्याने जीभ झिजते का? नमतं घे आणि मोकळा हो.” हे मी माझ्या आत्याकडून शिकले. पंधरा माणसांच्या घरात दोष कुणाचा हे शोधत बसलं तर जेवणंच व्हायची नाहीत, असं ती म्हणायची. जो आधी सापडेल त्याने चुकलं म्हणायचं आणि पानं घ्यायची. आमच्या घरात कुणी चुकलं म्हटलं म्हणून त्याने खरंच काही केलंय असं कुणी समजत नसे.

त्या मुलीला मी आधी कधी पाहिलं नव्हतं. शेवटच्या वर्षाची, पाणी तपासणीचा अभ्यासक्रम, अंगाने लहानखुरी. दप्तर पोटाशी धरून खुर्चीच्या कडेवर बसली होती. तिच्या प्रकल्पाच्या अहवालातले आकडे आणि तिच्या खोलीत राहणाऱ्या मैत्रिणीचे आकडे दशांशचिन्हासकट सारखे निघाले होते. दोघींना दुसऱ्या दिवशी अकरा वाजता समितीसमोर हजर राहायचं पत्र आलं होतं. बाहेर आणखी सातजण रांगेत होते आणि माझी दाढ सकाळपासून ठणकत होती. ही सबब नाही, नुसतं सांगतेय.

“मॅडम, मी...” तिने सुरुवात केली.

“कळलं गं मला,” मी म्हटलं आणि खण उघडला.

तिने कागद दोनदा वाचला. ‘चुकीबद्दल’ या शब्दापाशी तिचं बोट थांबलं होतं, ते मला दिसलं होतं. “याने होईल ना, मॅडम?” तिने विचारलं.

“बारा वर्षं होतंय. उद्या समितीपुढे हा कागद ठेव, काही विचारलं तर खाली मान घाल. उगाच हुशारी करू नकोस. पुढचा कोण आहे, त्याला पाठव.”

चौथ्या दिवशी वर्तन विभागातला कारकून माझ्याकडे आला. तो आणि मी एकाच वर्षी नोकरीला लागलो. एरवी आला की चहा झाल्याशिवाय हलत नाही. त्या दिवशी उभाच राहिला.

“त्या पाण्याच्या अभ्यासक्रमातल्या मुलीचं नाव दोन वर्षांसाठी कमी झालं,” तो म्हणाला.

“काहीतरीच काय! माफीनामा नव्हता का दिला तिने?”

“दिला. म्हणूनच झालं.”

त्याने हातातली नवी नियमावली माझ्या टेबलावर ठेवली आणि एकोणिसाव्या नियमावर बोट ठेवलं. लेखी माफी ही आरोपाची कबुली समजली जाईल, आणि कबुलीनंतर पुढील चौकशी होणार नाही. मैत्रिणीने समितीसमोर ‘मी नाही केलं’ एवढे तीन शब्द म्हटले होते. एकीने कबूल केल्यावर दुसरी आपोआपच सुटली. कुणी कुणाची वही उघडून पाहिली नाही.

“हे कधी झालं? मला कुणी कळवलं नाही ते!” मी आवाज चढवला. मला राग पटकन येतो, आणि चूक माझी असली की आणखी पटकन येतो.

“सत्राच्या सुरुवातीला पाठवली होती. ‘वाचले व समजले’ म्हणून सही आहे तुमची.”

होती. बेचाळीस पानांची ती नियमावली मी पहिल्या पानावर सही करून कपाटावर टाकली होती. बारा वर्षं जे चालत आलंय ते चालणारच, असल्या कागदांना काय विचारायचं, असं मला वाटलं होतं. त्या मुलीने हात दाखवून अवलक्षण करून घेतलं होतं, आणि तो हात मी धरून सहीच्या जागेवर नेला होता.

तिचं काय जाणार होतं ते मला त्याच दुपारी कळलं. शहराच्या पाणीपुरवठा विभागातल्या प्रयोगशाळेत तिची निवड झाली होती. निकाल हातात आला की रुजू व्हायचं, नाही आला तर पुढच्या नावाला बोलावणार. दोन वर्षांनी ती परत आली असती तरी शेवटचं वर्ष पहिल्यापासून करावं लागलं असतं, आणि अहवाल चोरल्याची नोंद तिच्या गुणपत्रिकेवर कायमची राहिली असती.

हे मला सांगितलं तिच्या वडिलांनी. ते लिफ्ट दुरुस्तीचं काम करत. कामावरूनच आले होते, बाहीला काळं वंगण लागलेलं. मुलगी त्यांच्या मागे दाराशी उभी राहिली, आत आलीच नाही. मला वाटलं आता हे आरडाओरडा करणार. केला असता तर बरं झालं असतं. आरडाओरड्याला उत्तर देण्यात माझी हयात गेलीये.

“बाई, हे पत्र तुम्हीच दिलंत ना तिला सही करायला?” त्यांनी शांतपणे विचारलं.

“हो. मी दिलं.”

“आमच्याकडे लिफ्ट बंद पडली की आम्ही आधी बघतो, बिघाड कुठे आहे. मग हात लावतो.” एवढंच बोलून ते खुर्चीत बसले आणि माझ्याकडे बघत राहिले. कानाखाली मारली असती तरी इतकं लागलं नसतं.

अपिलाला दहा दिवसांची मुदत होती. त्यातले चार मी नियमावली पाठ करण्यात घालवले. अपील करायचं तर नवा पुरावा हवा. मुलीची नमुन्यांची वही होती, कुठल्या टाकीचं पाणी कुठल्या तारखेला घेतलं ते सगळं तिच्या अक्षरात. पण कारकून म्हणाला, “वही तेव्हाही होती. तेव्हा का नाही दाखवली, असं विचारतील. ती नवी नाही होत.”

“मग नवं काय असतं? आकाशातून पडायला हवं का?”

तो दाराकडे बघून हळू आवाजात म्हणाला, “सही करण्याआधी ती तुमच्याजवळ बोलली असेल, की मी हे केलं नाही, आणि तरी तुम्ही सही घेतली असेल, तर माफीनामा बाद होतो. तुमची साक्ष हा नवा पुरावा. बोलली होती का ती तसं?”

“मॅडम, मी,” एवढंच बोलली होती ती. पुढे ‘नाही केलं’ येणार होतं की ‘केलं’ येणार होतं, मला काय माहीत? मी खण उघडला होता ना.

“बोलली होती,” मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि त्याला कळलं, हे मलाही कळलं. तो चहा न घेताच गेला.

मी ठरवून टाकलं. माझी नोकरी गेली तर जाऊ दे, बावन्नाव्या वर्षी घरी बसले तर मुलगा काही उपाशी ठेवणार नाही. चांगल्या कामासाठी एक खोटं बोललं तर काय आभाळ कोसळतं? मुलीला मी यातलं काही सांगितलं नाही. सांगितलं तर घाबरेल, चेहऱ्यावर दिसेल, असं वाटलं. फक्त निरोप धाडला, की अपील केलंय, गुरुवारी दहा वाजता वडिलांना घेऊन ये, बाकी मी बघते. तिचं सगळं आपणच बघायचं, ही माझी सवय एवढं होऊनही सुटली नव्हती.

अपील समिती तिसऱ्या मजल्यावरच्या लांब टेबलाच्या खोलीत बसली होती. अध्यक्ष कायदा शिकवणारे, वयस्कर, बोलायला मऊ. शेजारी दोन प्राध्यापिका. कोपऱ्यात आमचा कारकून टंकायला बसलेला. वडील भिंतीलगतच्या खुर्चीवर, मांडीवर कापडी पिशवी. पिशवीत वही होती.

मी सगळं सांगितलं. छापील कागदाचं, न वाचलेल्या नियमावलीचं, बारा वर्षांचं. तेवढं खरं बोलताना माझा आवाज कापत होता. खोटं आलं तेव्हा मात्र एकदम सरळ निघालं.

“ती मला म्हणाली, ‘मॅडम, मी नाही केलं.’ मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि सही घेतली.”

कोपऱ्यात कळफलक वाजला. एका प्राध्यापिकेने मान हलवली, चांगल्या अर्थाने हलवली, मला दिसली. अध्यक्षांनी चष्मा काढला आणि मुलीला विचारलं, “असं म्हणाली होतीस तू यांना?”

हो म्हणायचं होतं, एवढंच. लहान मुलालाही जमलं असतं.

ती माझ्याकडे बघत होती. तिच्या नजरेत राग नव्हता. एखाद्या अनोळखी माणसाने आपल्याला आपल्याच घरचा पत्ता चुकीचा सांगावा, तशी गोंधळून बघत होती.

“नाही, सर,” ती म्हणाली. “मॅडमना तसं आठवत असेल. पण मी तेवढं बोललेच नव्हते. ‘मॅडम, मी’ इतकंच म्हणाले होते.”

अगं ए बावळट पोरी, असं मी मनात ओरडले. मला तिचा भयंकर संताप आला. हातातोंडाशी आलेला घास हिने स्वतः खाली टाकला होता. एवढं मी पणाला लावलं, आणि ही तिथे बसून वर मलाच सांभाळून घेत होती, ‘आठवत असेल’ म्हणत होती.

“मग तुला आज काय सांगायचंय?” अध्यक्षांनी विचारलं.

“माझी वही बघा, सर.”

वडील पिशवी उघडत उठले. अध्यक्षांनी हाताने त्यांना थांबवलं. “वही पहिल्या सुनावणीच्या वेळीही तुझ्याकडे होती, बरोबर? नियमाप्रमाणे आता ती घेता येत नाही. मला वाईट वाटतं.” आणि वाटत असावंही त्यांना. सगळं मिळून अकरा मिनिटं लागली. अपील नामंजूर. खोट्या साक्षीबद्दल माझ्यावर वेगळं पत्र निघेल, असं ते जाता जाता म्हणाले, तेही मऊ आवाजातच.

आम्ही तिघं जिन्यापाशी आलो. माझा संताप तोवर ओसरला होता आणि त्याच्या जागी असं काही आलं होतं की मला तिच्याकडे बघवेना. जी मुलगी स्वतःचं सगळं जाताना माझं एक खोटं वाक्य स्वीकारत नाही, ती मैत्रिणीचे आकडे कशाला चोरेल? आत बसलेल्या तिघांपुढे तिने याहून मोठा पुरावा काय ठेवायचा होता? पण तो वाचायला नियमावलीत नियम नव्हता.

“चुकलं माझं,” मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा मी ते मिटवायला म्हणून म्हणत नव्हते. वडील दोन पायऱ्या उतरून थांबले.

“मॅडम,” ती म्हणाली, “तुम्ही मला अजूनही विचारलं नाहीत.”

“काय गं?”

“केलंस का, म्हणून. मैत्रिणीला विचारलं त्यांनी. मला कुणीच नाही.”

मी तिला विचारलं, नीट, पूर्ण वाक्यात, “तू तिचे आकडे चोरलेस का?”

“नाही,” ती म्हणाली. “टाक्या मी फिरले. तिने माझ्या लॅपटॉपवरून घेतले.”

मी वडिलांकडे पाहिलं. ते पायरीवरच्या कठड्याला धरून उभे होते आणि मुलीकडे असे बघत होते, की ते उत्तर तेही पहिल्यांदाच ऐकत होते, हे मला कळून चुकलं.