राहिलेला खांदा

मुखेडजवळच्या त्या तेलगिरणीत श्रद्धांजली आणि सत्कार एकाच मांडवात उरकायचं ठरलं होतं. एका बाजूला हार घातलेला आदिनाथचा फोटो, दुसऱ्या बाजूला शाली-नारळांचं टेबल, आणि मधे सूत्रसंचालक. आवाज कुठे पाडायचा आणि कुठे चढवायचा, हे त्या बिचाऱ्याला शेवटपर्यंत उमगलं नाही.

अग्निशमन दलातला वैजनाथ मागच्या रांगेत अंग चोरून बसला होता. साहेबांनी दम दिला म्हणूनच तो आला होता. गेल्या वर्षी गिरणीच्या सांडपाण्याची टाकी साफ करायला इथला कामगार आदिनाथ आत उतरला आणि विषारी वायूने कोसळला. त्याला काढायला त्याचा जोडीदार उमाशंकर धावला, तोही पडला. मग गाडी आली आणि कमरेला दोर बांधून वैजनाथ उतरला. शिडीपाशी उमाशंकर हाताला लागला, त्याला त्याने आधी वर दिलं. नंतर आदिनाथला खांद्यावर घेऊन तो बाहेर आला, तेव्हा उशीर झाला होता. तिथेच वैजनाथही शुद्ध हरपून पडला. उमाशंकर वाचला. आज तो बायकोला घेऊन पुढच्या रांगेत बसला होता.

लोक शूर म्हणायचे आणि वैजनाथ विषय बदलायचा. माझ्या लेकराला आधी का नाही काढलंस, असं आदिनाथची आई एक ना एक दिवस विचारणार, ही धास्ती त्याच्या मनात घर करून बसली होती. तिचे दोन-चार निरोप आले, पण जाब विचारायलाच बोलावते असं समजून तो दरवेळी ड्युटीची सबब सांगत राहिला.

त्याचं नाव पुकारलं. शाल अंगावर पडते न पडते तोच आदिनाथची आई, कस्तुराबाई, खुर्चीवरून उठली आणि मंचावर चढली. सूत्रसंचालकाने लगबगीने माईक पुढे केला. तिने तो बाजूला सारला.

"ती शाल काढ," ती वैजनाथला म्हणाली.

वैजनाथने मान खाली घालून शाल काढली. आपण या शालीच्या लायक नव्हतोच, असं त्याला वाटलं.

कस्तुराबाईने पदराखालून तेलाची वाटी काढली.

"दहाव्याला समद्या खांदेकऱ्यांच्या खांद्याला तेल लावलं. तू दवाखान्यात व्हतास. पयला खांदा तुझा, अन् तोच राहिला. किती निरोप धाडले, तू काय आला न्हाईस. बस खाली."

मयताला खांदा देणाऱ्यांचे खांदे दहाव्या दिवशी घरच्यांनी तेलाने चोळायचे, त्यांच्यावरचं ओझं उतरवायचं, ही तिकडची रीत. वैजनाथला ती चांगली ठाऊक होती. निरोप त्यासाठी असतील, हे मात्र त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं.

तो खाली बसला. तिने गणवेशाची वरची बटणं स्वतः सोडली आणि खांद्यावर तेल ओतलं. तिचे हात खरखरीत होते आणि ऊन होते.

"मावशी," तो हळूच म्हणाला, "मी आधी उमाशंकरला उचललं."

तिचा हात थांबला नाही. "ठाव हाय मला. त्यानंच सांगितलं. आरं, तो माझ्या लेकरापायी उतरला व्हता. त्याला तिथं टाकून माझं आणलं असतंस, तर त्याच्या बायकोला मी कोणतं तोंड दाखवलं असतं?"

पुढच्या रांगेत उमाशंकरच्या बायकोने पदर तोंडाला लावला. वर्षभर ज्या बाईला वैजनाथ टाळत आला होता, तीच त्याचा खांदा लहान पोराचा चोळावा तसा चोळत होती.

"लई जड व्हता का रे?" तिने विचारलं.

"न्हाई मावशी."

"खोटं नको बोलू. पाळण्यात व्हता तवापासून जड हाय तो. कडंवर घेऊन शेतात जायची, तर माझी कंबर धरायची."

"हाव मावशी," वैजनाथ म्हणाला, "लई जड व्हता." आणि तिच्या गुडघ्यावर डोकं टेकून तो रडू लागला.

ती त्याचा खांदा चोळत राहिली.