गिरणीतलं पहिलं पीठ

आरोहीचा रिपोर्ट पुन्हा वाईट आला. माझी मुलगी आठ वर्षांची आणि वजन सतरा किलो. गणपतीत कळलं, तिला सिलिअ‍ॅक आहे. गव्हाचा कण जरी पोटात गेला तरी आतडं खराब होतं. तेव्हापासून घरात चपाती नाही, पाव नाही, बिस्कीट नाही. लोक भगर उपासाला खातात, आम्ही एरवीही खातो. तरी डॉक्टर म्हणाले, "कुठून तरी गहू जातोय. असंच चाललं तर वाढ खुंटेल."

मसाले बदलले, मैदा मिसळलेला हिंग फेकला, तवा नवा आणला. उरल्या फक्त माझ्या सासूबाई, साळूबाई. "येवढ्याश्या चतकोरानं काय व्हतंय," असं त्या एकदा बोलून गेल्या होत्या, ते मी विसरले नव्हते. मी तोंडाळ आहे हे अख्ख्या देवळाली कॅम्पला ठाऊक आहे. भीतीने तर जिभेला हाडच राहिलं नाही. म्हटलं, "तुम्हीच चोरून चारता. आजपासून तिला हात लावायचा नाही."

त्या भांडल्या नाहीत, रडल्या नाहीत. "बरं," एवढंच म्हणाल्या आणि दहा दिवस नातीजवळ फिरकल्या नाहीत. आरोहीचं पोट मात्र फुगलेलंच, जुलाबही सुरूच. मग मला जास्तच भीती वाटायला लागली.

रविवारी ज्वारीचं दळण घेऊन झुंबरभाऊंच्या गिरणीत गेले. एरवी मी डबा ठेवून परतते, त्या दिवशी थांबले. जात्यात आधीच्या गव्हाचं पीठ अडकलेलं असतं. म्हणून माझ्या ज्वारीचं पहिलं ओंजळभर पीठ बाजूला काढायचं, असं ठरलं होतं. तेवढ्याने भागतं, अशी माझी समजूत. पण भाऊंनी सगळं पीठ सरळ माझ्या डब्यात सोडलं.

"भाऊ, पहिलं पीठ काढायचं ठरलं होतं ना?"

"काढत व्हतो की, ताई. पण दिवाळीत तुम्हीच लय भांडल्या, पीठ कमी भरतं म्हून. तवापासून चिमूटभर बी ठेवत नाय. समदं तुमच्याच डब्यात."

त्यांनी नळकांड्यावर दोन थापा मारून उरलंसुरलंही डब्यात पाडलं.

या पिठाच्या भाकऱ्या मी रोज थापल्या होत्या. पोर नको म्हणायची, तेव्हा डोळे वटारून आणखी अर्धी खायला लावली होती. इतक्या महिन्यांत आत काय काय झालं असेल, आणि भरून येईल की नाही, हे कोण सांगणार?

घरी पोचले तेव्हा केसांवर, साडीवर पीठ बसलेलं. आरोही धावत मिठी मारायला आली.

"लांब राहा," मी ओरडले.

ती दचकली आणि आजीकडे वळली. साळूबाई खाटेवर बसल्या होत्या. पोर मांडीला बिलगली, तरी त्यांनी हात वरच धरले होते, तिला लागू नयेत असे. त्या माझ्याकडे बघत होत्या.

"सायली, घेऊ का तिला?" त्यांनी विचारलं.

मी दारातच उभी राहून होकारार्थी मान हलवली.